एक फ्यूज जादा

गेल्या आठवड्यात संध्याकाळी आमच्याकडचे दिवे गेले. म्हणजे फक्त आमच्याकडचे. समोरच्या बिल्डिंगमधल्या मालिका अगदी सुरळीत चालू होत्या. मी सवयीने मेणबत्ती आणि पक्कड शोधायला उठलो, तेवढ्यात चिरंजीव दाराजवळच्या पेटीपाशी गेले, एक खटका वर केला आणि परत येऊन मोबाइलमध्ये शिरले. एकूण वेळ दहा सेकंद.

"काय झालं होतं रे?"

"ट्रिप झालं होतं."

संपला विषय! ना स्टूल, ना टॉर्च, ना चिनी मातीचा कटआउट खेचून काढताना "अगं, मेन बंद आहे ना?" अशी चारदा विचारणा. पुठ्ठ्यावर गुंडाळलेली ती फ्यूजची तार या पिढीने बघितलेलीसुद्धा नाही. आमच्या लहानपणी ती देव्हाऱ्याच्या खालच्या खणात, काडेपेटीशेजारी असायची. आणि हवी तेव्हा नेमकी संपलेली असायची.

मला एकदम मामाची आठवण झाली. म्हणून माळ्यावरून त्याचा पत्र्याचा डबा काढला. त्या डब्याबद्दल शेवटी सांगतो, आधी मामाबद्दल.

मामा हॅम होता. नातेवाईक मंडळींना हे नव्याने सांगायला नको, पण बाकीच्यांसाठी सांगतो. हॅम म्हणजे सरकारची परीक्षा देऊन, परवाना घेऊन, निव्वळ हौसेखातर स्वतःचं रेडिओ स्टेशन चालवणारा माणूस. कार्यक्रम वगैरे काही नाही, फक्त जगभरातल्या दुसऱ्या हॅमशी गप्पा. तेही बऱ्याचदा मोर्समध्ये, कट्ट-कड-कट्ट. मामा नोकरीला बँकेत होता, पण जीव गच्चीवरच्या खोलीत. पुण्याच्या जुन्या बाजारातून आणलेले लष्करी भंगारातले डायल, मुंबईला गेला की लॅमिंग्टन रोडवरून आणलेले कंडेन्सर, आणि मधोमध दोन ८०७ व्हॉल्व्हचा घरी बांधलेला ट्रान्समीटर. मामी त्या खोलीला 'सवत' म्हणायची.

तर या मामाचे फ्यूजवरचे विनोद ठरलेले होते. "फ्यूज एकच असला की उडतो. जवळ जादा असला की वर्षभर उडत नाही. म्हणजे काम कोण करतो? जादा फ्यूज!" आणि काचेचे छोटे फ्यूज ठेवायला त्याने तीन काडेपेट्या केल्या होत्या. बँकेतला माणूस, त्यामुळे वर बँकेच्याच अक्षरात लेबलं: 'कामावर', 'निवृत्त' आणि 'चौकशी चालू'. तिसऱ्या पेटीत संशयित फ्यूज असत. उडालेत की नाही ते नक्की न कळलेले, अंक पुसलेले, काच काळवंडलेले. घाईच्या वेळी पहिली पेटी नेहमी रिकामी आणि तिसरी गच्च भरलेली. "उडालेले टाकत का नाहीस?" असं मी एकदा विचारलं, तर म्हणाला, "अरे, हे पेन्शनर आहेत. यांनी ड्युटी केलीये."

मला वाटायचं हे विनोद मामाचे स्वतःचे आहेत. पुढे जुनी रेडिओ मासिकं वाचायचा नाद लागला तेव्हा कळलं की मामा एका मोठ्या घराण्याचा शिष्य होता. हॅम लोकांत ही थट्टा पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली आहे, आणि तिच्यामागे चक्क इतिहास आहे.

सुरुवात फ्यूजपासूनच करू. १८४७ साली लुई ब्रेगे या फ्रेंच घड्याळजीने सुचवलं, की तारखात्याच्या यंत्रांच्या आधी मुद्दाम बारीक तारेचा तुकडा जोडावा. वीज पडली तर ती तार वितळेल आणि यंत्र वाचेल. मुद्दाम कमकुवत कडी ठेवायची, म्हणजे तुटायची वेळ आली की तीच तुटेल. एरवी आपण कमकुवत माणूस आधी काढून टाकतो, इथे त्यालाच दारावर उभा केला! पुढे एडिसनने १८८० मध्ये विजेच्या दिव्यांसाठी अशाच सुरक्षा-तारेचं पेटंट घेतलं आणि १८८२ मध्ये न्यूयॉर्कच्या पर्ल स्ट्रीटवर वीजघर सुरू केलं.

त्या काळात एडिसनच्या स्पर्धेत जे होते त्यांत हायरम स्टीव्हन्स मॅक्सिम नावाचा एक हुन्नरी माणूस होता. दिव्यांच्या एका प्रतिस्पर्धी कंपनीचा तो मुख्य इंजिनियर. नंतर तो इंग्लंडला गेला आणि मशीनगन काढून जगभर (कु)प्रसिद्ध झाला. आपल्याला काम आहे ते त्याच्या मुलाशी. हायरम पर्सी मॅक्सिम. बापाने बंदूक काढली, मुलाने बंदुकीचा आवाज दाबणारा सायलेन्सर काढला. आणि १९१४ मध्ये याच मुलाने हार्टफर्ड गावात हौशी रेडिओवाल्यांची संघटना काढली, अमेरिकन रेडिओ रिले लीग. डिसेंबर १९१५ मध्ये तिचं मासिक सुरू झालं, 'क्यूएसटी'. ते आजही निघतं.

या मासिकात 'द ओल्ड मॅन' नावाचा कुणी म्हातारा लिहायचा. खडूस, चिडका, तोंडाळ. हल्लीची पोरं ट्रान्समीटर कसे वेडेवाकडे चालवतात, एकमेकांच्या बोलण्यात कसे घुसतात, मोर्स कसा चिखल पाठवतात, यावर त्याची आगपाखड चाले, आणि वाचणारे पोट धरून हसत. १९१७ च्या सुमारास त्याने 'वूफ हाँग' नावाचं एक अघोरी हत्यार काढलं, बेशिस्त हॅमना वठणीवर आणण्यासाठी. ते कसं वापरायचं हे मात्र कधी नीट सांगितलं नाही! वाचकांनी फारच विचारल्यावर १९१९ मध्ये त्याने लाकडाचे वेडेवाकडे तुकडे तारेने बांधलेली एक वस्तूच संघटनेकडे पाठवून दिली. ती त्यांच्या मुख्यालयात आजही जपून ठेवलेली आहे. हा म्हातारा कोण, हे १९३६ मध्ये मॅक्सिम वारल्यावर उघड झालं. संघटनेचे सन्माननीय अध्यक्ष स्वतःच!

आता वाटेल, अध्यक्षाने टोपणनावाने वात्रटपणा का करावा? तर त्याला कारण होतं. १९१२ च्या अमेरिकी कायद्याने हौशी लोकांना २०० मीटर आणि त्याखालच्या लहरी दिल्या होत्या. निरुपयोगी म्हणून टाकलेला तुकडा होता तो. १९१७ मध्ये युद्धात उतरल्यावर तर सरकारने सगळी हौशी स्टेशनं बंदच केली, ती १९१९ मध्ये पुन्हा चालू झाली. म्हणजे ही हौस सरकारच्या मर्जीवर. पोरांनी धुडगूस घातला तर कायमची जाणार. पण ही पोरं रात्री दोन वाजता आपापल्या माळ्यावर एकटी असतात, तिथे कोण निरीक्षक जाणार? अध्यक्षाने परिपत्रक काढलं असतं तर ते चुलीत गेलं असतं. म्हाताऱ्याचा विनोद मात्र त्या माळ्यापर्यंत पोचत होता. हॅम लोक एकमेकांना आजही 'ओल्ड मॅन' म्हणतात, समोरचा पंधरा वर्षांचा असला तरी. आपल्या 'अरे बाबा'सारखं. मामासुद्धा मला तसंच म्हणायचा.

फ्यूजचे विनोद याच जातीचे, असं माझं मत झालंय. कारण फ्यूजचा मामलाही रात्री दोन वाजताचा, एकट्याचा. मोठ्या मुश्किलीने दूरदेशीचं कुणी लागलेलं असतं, आणि फट्! जादा फ्यूज नाही. दुकान सकाळी दहाला उघडणार. आणि हाताशी तर तार आहे, चांदी आहे, नाणं आहे.

अमेरिकेत घरोघरी हे नाणं प्रसिद्ध होतं. त्यांचे जुने फ्यूज बल्बसारखे फिरवून बसवायचे असत. उडाला की त्याच्यामागे एक सेंटचं नाणं सारायचं आणि तोच फ्यूज परत घट्ट करायचा. (१९८२ पर्यंत त्यांचा सेंट बहुतांशी तांब्याचा होता, म्हणजे वीज वाहायला अगदी उत्तम.) दिवे लागायचे. मग कधीतरी भिंतीतल्या तारा तापून घरच पेटायचं. शिवाय १५ अँपिअरच्या जागी ३० चाही बसायचा, कारण आटे सारखेच. शेवटी प्रत्येक मापाला वेगळे आटे असलेले फ्यूज काढावे लागले, माणसाच्या शहाणपणावर भरवसा ठेवून चालेना म्हणून! १९९० च्या दशकात तर ईमेलवर एक गोष्ट फिरत होती, की एका पठ्ठ्याने ट्रकच्या हेडलाइटचा फ्यूज उडाला म्हणून तिथे बंदुकीची गोळी बसवली, ती तापून उडाली आणि भलत्या ठिकाणी लागली. ती दंतकथाच, पण सांगणाऱ्याला 'नाणं घालू नकोस' हेच सांगायचं असतं.

आपल्याकडे नाण्याची गरज नव्हती. चिनी मातीच्या कटआउटमध्ये हवी ती तार घालता येते. ५ अँपिअरला साधारण ०.२ मिलिमीटरची, १५ ला अर्ध्या मिलिमीटरची. पण कोण मोजतंय? इस्त्रीच्या जुन्या वायरमधले चार पदर पीळ देऊन घातले की झालं. "आता बघू कसा उडतो!" हे वाक्य प्रत्येक घरात एका काकांनी तरी म्हटलेलं आहे. (आमच्या घरातले काका हे वाचत असतील. नमस्कार!)

पुढे ट्रान्झिस्टर आले आणि फ्यूजच्या विनोदाची दिशाच फिरली. व्हॉल्व्ह हा सोशिक प्राणी. जास्त करंट गेला की आतली पट्टी तापून लाल होते, तुम्हाला दिसते, काही सेकंद मिळतात. तोवर फ्यूज आपलं काम करून मोकळा होतो. ट्रान्झिस्टरच्या आतला सांधा इतका इवलासा, की तो डोळ्याची पापणी लवायच्या आत जातो. काचेच्या फ्यूजला मात्र दुप्पट करंट गेला तरी वितळायला कधीकधी काही सेकंद लागतात. ऑगस्ट १९६७ मध्ये 'ईईई' नावाच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या मासिकात क्लिपस्टाइन नावाच्या लेखकाने मर्फीच्या नियमांवर एक खोटाखोटा गंभीर लेख लिहिला. हा मर्फी म्हणजे १९४९ मध्ये अमेरिकन हवाईदलाच्या रॉकेट-घसरगाडीच्या चाचणीत उलटे जोडलेले सेन्सर बघून वैतागलेला कॅप्टन एडवर्ड मर्फी. चुकायचं ते चुकणारच, हा नियम त्याच्या नावावर लागला. क्लिपस्टाइनच्या लेखात या नियमाची इलेक्ट्रॉनिक्सला लागू होणारी पिल्लं होती. त्यातलं एक असं, की फ्यूज ट्रान्झिस्टरला वाचवायला ठेवलेला असला तरी प्रत्यक्षात ट्रान्झिस्टरच आधी प्राण देऊन फ्यूजला वाचवतो. हॅम लोकांनी हे इतकं आपलंसं केलं की मूळ लेख कुणाच्या लक्षातही राहिला नाही. मामा हेच सांगायचा, वर बँकेची फोडणी देऊन: "क्लार्कला वाचवायला मॅनेजर गेला!"

आणि जादा फ्यूजची चेष्टा कितीही केली तरी हेच लोक तो जवळ बाळगतात. १९३३ पासून अमेरिकेतले हॅम दरवर्षी जूनमध्ये 'फील्ड डे' करतात. मोकळ्या मैदानात जनरेटर नि बॅटरीवर स्टेशन उभारायचं, संकटात जमेल का याची रंगीत तालीम. सामानाच्या यादीत फ्यूज असतोच. गाडीत लावायचा १०० वॅटचा रेडिओ बॅटरीतून २० अँपिअरच्या आसपास करंट ओढतो आणि त्याच्या दोन्ही तारांवर फ्यूज असतात, तो गेला की मैदानात तुमचं महागडं यंत्र म्हणजे ठोकळा. तालीम वाया जात नाही. डिसेंबर २००४ मध्ये भारती प्रसाद आणि त्यांचे सहकारी हौसेपोटी अंदमानातून जगाशी बोलायला पोर्ट ब्लेअरला गेले होते. २६ तारखेला त्सुनामी आली, फोन गेले, आणि तेच हौसेचं स्टेशन बेटांवरच्या माणसांची खबरबात मुख्य भूमीला पोचवायला लागलं.

असो. आता जे सांगायला बसलो ते सांगतो.

मे १९८३. सुट्टीत मी मामाकडे होतो, वय वर्षं चौदा. मामा बँकेत गेलेला. मी गच्चीवरच्या खोलीत जाऊन बघतो तर ट्रान्समीटरचा पॉवर सप्लाय बंद. मागच्या बाजूचा एक अँपिअरचा फ्यूज उडालेला. 'कामावर'ची पेटी अर्थातच रिकामी. मला वाटलं, मामा यायच्या आत दुरुस्त करून ठेवू, शाबासकी मिळेल. खिशात चॉकलेट होतं. त्याची चांदी काढली, घडी घालून सुरळी केली, फ्यूजच्या जागी दाबून बसवली आणि बटण दाबलं.

चालू झालं! मी खूश. दोनेक मिनिटांनी गुंऽऽ असा आवाज वाढला. मग वास. ट्रान्सफॉर्मरचं वॉर्निश तापल्याचा तो वास ज्याने घेतलाय त्याला वेगळं सांगायला नको. मग धूर. मी प्लग ओढला तोवर ट्रान्सफॉर्मर गेला होता आणि मागे लटकलेल्या पडद्याची कडा तपकिरी झाली होती. फ्यूज उगाच उडाला नव्हता. आतला एक कंडेन्सर शॉर्ट झाला होता, आणि फ्यूज बिचारा तेवढंच सांगत होता. मी निरोप्याचं तोंड बंद केलं. घराच्या मुख्य फ्यूजला तर पत्ताही लागला नाही, कारण ट्रान्सफॉर्मर जाळायला पुरेल एवढा करंट त्याच्या हिशोबी किरकोळ होता.

संध्याकाळी मामा आला. वास जिन्यातच आला असणार. त्याने ती चांदीची सुरळी चिमट्याने काढली, उजेडात धरून बघितली आणि म्हणाला, "ओल्ड मॅन, फ्यूज चार आण्याचा होता." बस. तो ट्रान्सफॉर्मर त्याने स्वतः गुंडाळून घेतलेला होता, पगारातून वाचवून. पुढचे तीन महिने त्याचं स्टेशन बंद होतं.

मी रडायला लागलो तेव्हा त्याने मला गच्चीत नेऊन रॉस हल यांची गोष्ट सांगितली. मूळचे ऑस्ट्रेलियन, क्यूएसटीच्या संपादकीय कामातले मोठे नाव, अतिलघुलहरी हवेच्या थरांतून वाकून दूर कशा जातात यावर महत्त्वाचं काम केलेले. लाखात एक जाणकार. सप्टेंबर १९३८ मध्ये घरी टेलिव्हिजनच्या रिसिव्हरवर प्रयोग करताना त्यांना हाय व्होल्टेजचा झटका बसला आणि ते गेले. "त्यांना फ्यूज माहीत नव्हता काय?" मामा म्हणाला. "फ्यूज घर वाचवतो, यंत्र वाचवतो. माणूस त्याच्या हिशोबात नसतो." मग त्याने गणित मांडलं. घरचा फ्यूज ५ अँपिअरचा, म्हणजे ५,००० मिलिअँपिअर. छातीतून ५०-१०० गेले तरी हृदयाची लय बिघडू शकते. "तुझ्यातून तेवढे गेले असते तर दिवा लुकलुकलासुद्धा नसता."

फ्यूजवर बोलताना मामाने विनोद केला नाही, असं माझ्या आठवणीत तेवढं एकदाच. आज इतकं वाचल्यावर वाटतं, तो आणि तो मॅक्सिम म्हातारा, दोघांना विनोदाची हद्द नीट ठाऊक होती. जे दुकानातून पुन्हा आणता येतं, गुंडाळता येतं, त्यावर हसायचं, आणि पोराला हसत हसत अशी सवय लावायची की जे पुन्हा आणता येत नाही तिथपर्यंत वेळच येऊ नये. मला दोन हजार शब्दांचं व्याख्यान दिलं असतं तर मी दुसऱ्या दिवशी विसरलो असतो. 'चार आण्याचा होता' हे चाळीस वर्षांनंतरही कानात आहे.

(जाता जाता: आमच्या चिरंजीवांचा खटकासुद्धा माणसाला ओळखत नाही. माणसासाठी वेगळा, ३० मिलिअँपिअरला पडणारा ईएलसीबी किंवा आरसीसीबी लागतो. त्यावर तपासायचं एक छोटं बटण असतं. ते दाबल्यावर खटका पडतो का, ते आजच बघा. पडत नसेल तर वायरमनला बोलवा, चुलतभावाला नव्हे.)

मामा २००९ मध्ये गेला. हॅम लोक अशा माणसाला 'सायलेंट की' म्हणतात. की म्हणजे मोर्सची कळ, ती आता गप्प झाली. मामीने त्याचा पत्र्याचा डबा मला दिला, आणि तो मी माळ्यावर ठेवला तो गेल्या आठवड्यापर्यंत. उघडला तर तिन्ही काडेपेट्या जागच्या जागी. मल्टिमीटर घेऊन बसलो. 'कामावर'मध्ये तीन, त्यातला एक उडालेला. 'निवृत्त' सगळे खरोखरच निवृत्त. 'चौकशी चालू'मध्ये आठ, आणि आठही उत्तम. इतकी वर्षं चौकशी चालू होती नि सगळे निर्दोष!

त्या पेटीच्या तळाशी आणखी एक वस्तू होती. चांदीची एक छोटी सुरळी, एका टोकाला काळी पडलेली. टाकली नव्हती, आणि 'निवृत्त'मध्येही घातली नव्हती.

मामी, तुला तेव्हा सांगितलं होतं की ट्रान्सफॉर्मर जुना झाला म्हणून जळला. नवा होता. आणि पडद्याची कडा उदबत्तीने जळलेली नव्हती.